सांधेदुखीचा रुग्ण : रांगेत आधी कोण?

शाळेत हजेरी घेताना आम्ही शिक्षक पटावरील क्रमाने नावे पुकारतो आणि त्यात कोणावर अन्याय होत नाही. दवाखान्यातही बहुधा हाच नियम चालतो. जो आधी आला त्याचा नंबर आधी. ताप, खोकला, खरचटणे अशा तक्रारींना हा नियम पुरेसा आहे. परंतु काही विकार असे आहेत की, त्यांत हा सरळ दिसणारा न्यायच अन्याय ठरतो. सांध्यांचे विकार त्यांपैकी होत. अशा रुग्णांची रांग कशी लावावी आणि ती लावण्याचे काम कोणी करावे, या प्रश्नाला काही देशांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक वेगळे उत्तर मिळाले आहे. तेथे हे काम विशेष शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टांकडे सोपवले जाते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा परिचय करून द्यावयाचा आहे. मी विज्ञान शिकवतो, वैद्यक शिकवत नाही. या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही, घरातून वळलो. म्हणून आधी घरची हकीकत सांगतो.

२०१७ सालचा पावसाळा. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. प्रथम तिच्या हातातल्या बांगड्या निघेनाशा झाल्या. साबण लावून पाहिला, तरी बोटांच्या मुळाशी येऊन त्या अडकत. तिने ते हसण्यावारी नेले. मग भाकरी थापताना पंजा ठणकू लागला. पहाटे फजरच्या नमाजासाठी उठल्यावर वुजू करावयाचा तर नळाची तोटी तिला फिरवता येईना. मुलीला उठवून नळ सोडावा लागे. दहा वाजेपर्यंत हात हळूहळू मोकळे होत आणि दुपारी पाहणाऱ्याला ती अगदी धडधाकट वाटे. वाचकांनी हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा. तो पुढे कामास येणार आहे.

घरात निदान करणाऱ्यांची वानवा नव्हती. कोणी म्हणे वात आहे, कोणी म्हणे पाण्यात फार काम करते म्हणून, कोणी म्हणे चाळिशी उलटली की असे व्हायचेच. वेदनाशामक गोळी घेतली की चार तास बरे वाटे, आणि बरे वाटले की विषय मागे पडे. असे तीन महिने गेले. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दूरच्या शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी दिली. चिठ्ठीत मजकूर एवढाच होता : ‘सांधेदुखी. कृपया तपासावे.’ रुग्णालयाने तारीख दिली ती साडेचार महिन्यांनंतरची. त्या वेळी मला फार राग आला होता. आज विचार केला तर वाटते, त्या मजकुरावरून टेबलापाशी बसलेल्या माणसाला कळणार तरी काय? त्याच्यासमोर तशाच चिठ्ठ्यांचा गठ्ठा असणार, आणि त्यातली आमची वर काढावी असे तिच्यात काहीच नव्हते.

तारखेची वाट पाहता पाहता दोन महिने गेले. तोवर निदान शेक तरी घ्यावा म्हणून आपा जवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात गेली. तेथे पंचविशीतली एक मुलगी काम पाहत होती. तिने शेकाचे यंत्र सुरू केलेच नाही. आपाचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत घेऊन तिने बोटांचा एकेक सांधा अंगठ्यांनी चाचपला. नंतर हस्तांदोलन करावे तसा पंजा बोटांच्या मुळाशी आडवा धरून अगदी हलकेच दाबला, तेव्हा आपा कळवळली. मग पायांचे चवडेही तसेच दाबून पाहिले. “सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?” तिने विचारले. आपा म्हणाली, “तीन-चार तास.” त्यावर ती म्हणाली, “ताई, मी शेक देईन, तुम्हाला बरंही वाटेल. पण हे शेकानं थांबणारं दुखणं नाही. तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा.” तिने आमच्या डॉक्टरांना फोन केला आणि अर्ध्या पानाचे पत्र लिहून त्यांच्याकडे पाठवले. डॉक्टरांनी मोठेपणाने त्यावर सही करून ते पुढे धाडले. नऊ दिवसांनी आपाचा नंबर लागला.

निदान झाले ते र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, ज्याला आपल्याकडे सर्वसाधारणपणे आमवात म्हणतात.

आता थोडा अभ्यास. सांधेदुखी हे एका रोगाचे नाव नाही. ते अनेक रोगांचे लक्षण आहे. कामापुरते दोन मोठे गट करता येतात. पहिला झिजेचा. वय, वजन, जुनी दुखापत किंवा आनुवंशिकता यांमुळे सांध्यातील कूर्चा हळूहळू विरत जाते. गुडघे, कंबर आणि बोटांची शेवटची पेरे ही त्याची नेहमीची ठिकाणे. दुसरा गट दाहाचा. यात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते आणि पुढे कूर्चा व हाडही कुरतडू लागते. झिजेचा रुग्ण दोन महिने थांबला तर त्याला त्रास होतो, पण बहुधा त्याच्या सांध्याचे फारसे काही बिघडत नाही. दाहाचा रुग्ण दोन महिने थांबला तर जे गेले ते परत येत नाही. रोग सुरू झाल्यापासून पहिल्या सुमारे तीन महिन्यांत योग्य औषध मिळाले, तर तो आटोक्यात येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणूनच ब्रिटनच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत असे सांगितले आहे की, सांध्याच्या अस्तराची सूज टिकून आहे अशी शंका येताच कुटुंबाच्या डॉक्टरने रुग्णाला तज्ज्ञाकडे धाडावे, आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ अगोदरच वाया गेला असेल, हातापायांचे लहान सांधे धरले असतील किंवा एकाहून अधिक सांधे सुजले असतील तर ते तातडीने करावे. रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्या तरीही थांबू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत रक्तातील नेहमीचा घटक सापडतच नाही. उलट काही निरोगी वृद्धांत तो सापडतो.

मग सर्वच सांधेदुखीवाल्यांना ताबडतोब तज्ज्ञाकडे का धाडू नये? याचे उत्तर एका साध्या गणितात आहे, आणि त्या गणितासाठी परदेशी जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांध्यांच्या आणि स्नायूंच्या विकारांची पाहणी केली होती. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या एका पद्धतीनुसार ती झाली आणि तिचे नाव या क्षेत्रात आजही घेतले जाते. त्यात प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना अशी दुखणी असल्याचे आढळले. आमवाताचे रुग्ण मात्र सुमारे अर्धा टक्का. म्हणजे दुखते म्हणणाऱ्या सुमारे छत्तीस जणांत आमवाताचा एक! इतर दाहक विकार धरले तर आणखी काही थोडे. छत्तीसच्या छत्तीस तज्ज्ञाच्या दारात उभे केले तर रांग लांबेल, आणि त्या रांगेत तो एक कोठे उभा आहे हे कोणालाच दिसणार नाही. शिवाय तो मोठ्याने कण्हत असेलच असेही नाही. वर्गात ज्याला कळलेले नसते तो मुलगा हात वर करीत नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको.

तेव्हा कोणीतरी मध्ये उभे राहून निवड केली पाहिजे. रणांगणावर ही पद्धत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने रूढ केली. जखमी माणूस अधिकारी आहे की साधा शिपाई हे न पाहता जखम किती गंभीर आहे ते पाहून त्याने क्रम लावला. त्या निवडीला फ्रेंच भाषेवरून ‘ट्रायाज’ म्हणतात आणि इस्पितळांच्या अपघात विभागांत हा शब्द आता जगभर चालतो. सांध्यांच्या बाबतीत अडचण अशी की, येथे रक्त वाहत नाही. ओळखण्यासाठी सांध्याला हात लावावा लागतो, आणि तो हात सरावाचा असावा लागतो.

येथे फिजिओथेरपिस्टचा प्रवेश होतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हा मनुष्य म्हणजे यंत्राचा शेक देणारा किंवा सुशिक्षित मालिशवाला एवढाच असतो. या समजुतीला इतिहासात थोडा आधारही आहे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी जी संस्था काढली ती मर्दन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचीच होती. आजची ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची प्रमुख संस्था तिच्यातूनच वाढली. पुढे कित्येक दशके डॉक्टरने लिहून द्यावे आणि यांनी तेवढेच करावे, अशी रीत होती. १९७७ साली ब्रिटिश सरकारने एका परिपत्रकाने रुग्णाला तपासून उपचार स्वतः ठरवण्याची मोकळीक त्यांना दिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील अस्थिरोग विभागांत अनुभवी फिजिओथेरपिस्ट नव्या रुग्णांना आधी तपासू लागले, कारण शस्त्रक्रियेची गरज नसलेल्यांनीच शल्यवैद्यांच्या रांगा भरून गेल्या होत्या. आपल्या देशात या शास्त्राला चालना मिळाली ती १९५०च्या दशकात, मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर. २०२१ साली संसदेने या आणि अशाच इतर व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला.

सांध्यांच्या दाहाच्या बाबतीत या कल्पनेचा पद्धतशीर प्रयोग झाला तो कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात. हा प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे साडेतीन पट. तज्ज्ञ बहुतेक दक्षिणेकडील मोठ्या शहरांत; उत्तरेकडील वस्त्या विरळ आणि दूर. कुटुंबाच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून तज्ज्ञाकडे जाता येत नाही आणि चिठ्ठी गेल्यावर कित्येक महिने थांबावे लागे. यावर उपाय म्हणून २००५ साली टोरांटो येथे एक शिक्षणक्रम सुरू झाला. आधीच अनुभवी असलेल्या फिजिओथेरपिस्टांना आणि व्यवसायोपचारतज्ज्ञांना त्यात सुमारे दहा महिने सांध्यांच्या विकारांचे खास शिक्षण देतात : सांधे तपासणे, रक्ताचे अहवाल आणि क्ष-किरण चित्रे वाचणे, औषधांचे गुण आणि धोके ओळखणे. शिकून बाहेर पडलेली ही मंडळी तज्ज्ञ डॉक्टरच्या जोडीने काम करतात.

त्यांचे काम दोन प्रकारे चालते. पहिला प्रकार कागदावरचा. आलेली प्रत्येक चिठ्ठी फिजिओथेरपिस्ट वाचतो आणि तातडीची, मध्यम आणि सावकाशीची अशी वर्गवारी करतो. पण आपाच्या चिठ्ठीसारख्या मोघम चिठ्ठ्या सर्व देशांत लिहिल्या जातात. कागदावर काही नसेल तर वाचणारा कितीही हुशार असो, त्याला त्यातून काय दिसणार? म्हणून दुसरा प्रकार अधिक मोलाचा : रुग्णाला थोडक्या वेळासाठी बोलावून प्रत्यक्ष तपासायचे. सूज हाताला मऊ, लिबलिबीत लागते की हाडासारखी टणक? मऊ असेल तर अस्तर सुजले असण्याचा संभव मोठा. बोटांच्या टोकाकडील पेरांवर टणक गाठी असतील तर ती बहुधा झीज. बोटांची मुळे आणि मधली पेरे सुजली असतील तर संशय दाहाचा. सकाळचा ताठरपणा पंधरा-वीस मिनिटांत जातो की अर्ध्या तासाहून अधिक, तासन्‌तास राहतो? काम केल्याने दुखणे वाढते की उलट हालचालीने मोकळे वाटते? बोटांच्या मुळाशी पंजा आडवा दाबल्यावर दुखते का? त्या मुलीने आपाला जे विचारले आणि जे दाबून पाहिले ते सगळे यात आले. आणखी एक गोष्ट. दुपारच्या वेळी दवाखान्यात गेलेला आमवाताचा रुग्ण पुष्कळदा बराच बरा दिसतो. सकाळ कशी जाते हे मुद्दाम विचारले नाही तर रोग नजरेतून निसटतो. आपाच्या बाबतीत आमचेही तेच झाले.

टोरांटोतील एका रुग्णालयाचा अशा वर्गवारीचा अनुभव २०१६ साली प्रसिद्ध झाला. दाहाचा संशय असलेल्या रुग्णांना ठरलेल्या मुदतीत तज्ज्ञासमोर आणण्यास तिचा उपयोग होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अन्यत्र झालेल्या अभ्यासांतही अशा फिजिओथेरपिस्टांचे मत आणि तज्ज्ञांचे मत बऱ्याच अंशी जुळल्याचे आढळते.

यावर कोणी विचारील, डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती हा निर्णय का द्यावा? आक्षेप योग्य आहे आणि तो उडवून लावू नये. तथापि येथे सोपवलेला आहे तो क्रम ठरवण्याचा निर्णय. अंतिम निदान आणि औषधयोजना यांचा भार तज्ज्ञावरच राहतो. शंका असेल तर रुग्णाला पुढे काढावयाचे, मागे ढकलावयाचे नाही, असा दंडक असतो. काही गोष्टींत तर क्रम लावत बसण्याचीही सवड नसते. एकच सांधा अचानक लाल, गरम, टपटपीत सुजला आणि ताप असला, तर तो सांध्यातील पू असू शकतो. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे लागते. पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागणे, केस विंचरताना कवटी हुळहुळणे, घास चावताना जबडा दुखणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर रक्तवाहिन्यांच्या दाहाने दृष्टी जाण्याचा धोका असतो. तेथेही तोच नियम. आपल्या भागात आणखी एक घोटाळा होतो. २००६ सालच्या मोठ्या साथीपासून चिकुनगुन्या सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. तापानंतर त्याचे सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात, आणि म्हणून ‘चिकुनगुन्याच असेल’ असे म्हणून खरा आमवातही अंगावर काढला जातो.

मला स्वतःला या व्यवस्थेत अधिक मोलाची वाटते ती दुसरीच बाजू. ज्याला रांगेत मागे ठेवले त्याचे काय? नुसत्या कागदी वर्गवारीत त्याला फक्त लांबची तारीख मिळते. पण तपासणारा फिजिओथेरपिस्ट असला तर झिजेच्या रुग्णाचा उपचार त्याच दिवशी, त्याच खोलीत सुरू होतो. कारण गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि वजन कमी करणे हेच मुख्य उपचार आहेत, आणि त्यांपैकी पहिला तर त्याच्या हातचाच. मागे ठेवलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही.

कंबरदुखीच्या संबंधात तर फिजिओथेरपिस्टचे महत्त्व अधिकच आहे. चाळिशीच्या आतील तरुणाची कंबर नकळत दुखू लागते, विश्रांतीने बरे न वाटता उलट ताठते, हिंडले-फिरले की सैल होते, रात्री उत्तररात्री दुखण्याने जाग येते. हा मणक्यांच्या सांध्यांचा दाह असू शकतो. असे तरुण कित्येक वर्षे पट्टे बांधून आणि शेक घेऊन काढतात, आणि त्या वर्षांत ते जातात कोणाकडे? बहुतेक वेळा फिजिओथेरपिस्टकडेच. त्याने तीन प्रश्न अधिक विचारले तर त्या तरुणाची वाट बदलते. ब्रिटनमध्ये आता अनेक कुटुंब-दवाखान्यांत सांध्यांच्या आणि पाठीच्या तक्रारींसाठी रुग्ण प्रथम फिजिओथेरपिस्टलाच भेटतो. त्यामुळे हे ओळखण्याची जबाबदारीही त्याच्यावर अधिक येऊन पडली आहे.

औषधाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. आपाला मिळाले ते मेथोट्रेक्सेट. आमवातात बहुधा हेच प्रथम देतात. हे औषध आणि त्याआधीचे त्याच्या जातीचे औषध ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख भीमावरमला जन्मलेले आणि मद्रासला वैद्यक शिकलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मूळ उपयोग रक्ताच्या कर्करोगावर. आमवातासाठी अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली १९८८ साली. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्याने प्राणावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आमच्या घरी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल खूण असते.

आपाच्या उजव्या हाताची दोन बोटे आज पूर्ण सरळ होत नाहीत. सुरुवातीचे ते पाच महिने त्यांत राहिले आहेत. बाकी ती भाकरी थापते, नळ सोडते, ठरलेल्या मुदतीने रक्त तपासून घेते. बांगड्या मात्र तिने एका मापाने मोठ्या घेतल्या. ती फिजिओथेरपिस्ट मुलगी लग्नानंतर दुसऱ्या गावी गेली. तिच्या पत्राची एक प्रत आमच्या डॉक्टरांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. मी ती कितीदा तरी वाचली आहे. दुखणे कधी सुरू झाले त्याची तारीख, कोणते सांधे सुजले त्यांची नावे, सूज मऊ असल्याचा उल्लेख, पंजा दाबल्यावर दुखल्याची नोंद, सकाळचा ताठरपणा ‘तीन ते चार तास’, पहाटे नळ फिरवता येत नाही ही हकीकत, आणि शेवटी, ‘दाहाचा संशय आहे, लवकरची वेळ मिळावी.’ सांधेदुखीचा रुग्ण पुढे धाडताना डॉक्टर आता तिच्याकडे पाहून चिठ्ठी लिहितात.